पेपर लावलेला घड

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या लहान गटाच्या भिंतीवर २१ जांभळे घड लागले होते. बाविसावा माझ्या टेबलाच्या खणात होता, चुरगळलेला. हे प्रकरण त्या बाविसाव्याचं.

आमची बालवाडी नाशिकमध्ये, मखमलाबादच्या अंगाला. एकीकडे नव्या इमारती चढतायत, दुसरीकडे अजून थोड्या द्राक्षबागा टिकून आहेत. त्यामुळे एकाच सतरंजीवर दोन तऱ्हेची मुलं बसतात: लिफ्टने खाली उतरून येणारी, आणि बापाच्या मोटारसायकलवर टाकीवर बसून मळ्यातून येणारी. पट २२, वयं साडेतीन ते साडेचार. शिकवायला मी, हाताखाली मावशी, वेळ सकाळचे तीन तास.

त्या आठवड्याचा रंग जांभळा होता. वार्षिक नियोजनात जांभळा आला की वांगं, जांभूळ नाहीतर द्राक्ष ठरलेलं. डिसेंबरात जांभूळ नसतं, वांग्याला मुलं नाक मुरडतात, म्हणून द्राक्ष. नेटवरून घडाचा नमुना उतरवला, २२ प्रती काढल्या, मावशींनी त्या कापल्या, देठ मी चिकटवले. मुलांनी फक्त अंगठा रंगात बुडवून ठसे उमटवायचे. ही कृती मी सहा-सात वर्षं करत होते आणि दर वर्षी भिंत छान दिसायची.

जिच्यामुळे हे लिहायला बसले तिला चिऊ म्हणू. मळ्यातली, साडेचार वर्षांची व्हायला आलेली, बोलायला कमी. तिने जांभळ्या ताटलीकडे पाहिलं, उठली आणि फडताळातून हिरवा रंग घेऊन आली.

"बाळा, आज आपला जांभळा रंग आहे ना?"

"द्राक्षं हिरवी असतात."

यावर मी जे बोलले ते कुठल्याही ताईच्या तोंडी सहज येतं. "हो गं, पण आज आपण जांभळी करू या." तिने ऐकून घेतलं आणि हिरवे ठसे उमटवले. तेवढं मी चालवून घेतलं. पण मग रंग सांडू नये म्हणून खाली अंथरलेल्या रद्दीतलं एक पान तिने टर्रकन फाडलं, घडावर फेव्हिकॉलची धार सोडली आणि पान वरून लपेटून टाकलं. घड दिसेनासा झाला. "अगं बाई, सगळं लिंपून ठेवलं हिने," मावशी म्हणाल्या. मी ते पान ओढून काढलं. त्याबरोबर खालचे ठसेही सोलून आले. मी नवी प्रत तिच्यापुढे ठेवली, जांभळी ताटली सरकवली.

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तशीच उभी राहिली.

आठ दिवस

त्या दिवसापासून नाताळच्या सुट्टीपर्यंत शाळेचे आठ दिवस होते. हस्तकलेची वेळ झाली की चिऊ मावशींजवळ जाऊन डब्याचे रुमाल घडी करत बसायची. रडणं नाही, हट्ट नाही. गोष्टीच्या वेळी बसायची, गाण्याच्या वेळी हातवारे करायची, चिकणमाती आणि रंग निघाले की उठायची. आम्ही तेव्हा कापसाचे हिममानव करत होतो. (नाशिकच्या मुलांनी हिममानव का करावा हा वेगळा प्रश्न. मी स्वतः बर्फ पहिल्यांदा पाहिला तो उसाच्या रसात.) २१ हिममानव झाले.

मी डायरीत लिहिलं: "हाताला चिकट लागलेलं आवडत नाही, स्पर्शाची संवेदनशीलता तपासावी." आज ती नोंद वाचताना लाज वाटते. फेव्हिकॉल तळहातावर वाळवून पापुद्रे सोलत बसणारी पोर ती.

उलगडा आजीने केला. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी न्यायला आली तेव्हा मी म्हटलं, "आजी, ही अलीकडे काही करायला बसत नाही हो."

"घरी तर उसंत नाय तिला," आजी म्हणाली. "हिचा बाप बागेत पेपर लावतोय ना घडांना. ही त्याच्या मागं मागं. खालचे घड हिच्या हाताला येत्यात, तेवढे हीच गुंडाळती."

मी तिथेच पायरीवर बसले.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणी झाली की साधारण चार महिन्यांत माल काढणीला येतो. मण्यात पाणी उतरायला लागतं, म्हणजे कडक मणी मऊ, रसाळ व्हायला लागतो, ते नेमकं कडाक्याच्या थंडीत. रात्री गारठा, दुपारी चटका, या ओढाताणीत हिरव्या मण्यावर गुलाबी झाक येते आणि निर्यातीला तो माल चालत नाही. म्हणून घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. दिंडोरी रोडने जाता-येता कागदात बांधलेले असे घड मी शंभर वेळा पाहिलेत. माझ्या वर्गात एका मुलीने तेच तंतोतंत केलं तेव्हा मला ते लिंपणं वाटलं.

म्हणजे २२ मुलांत एकटीने त्या आठवड्यात खरोखरचं द्राक्ष केलं होतं. रंग बरोबर, महिना बरोबर, कागदसुद्धा बरोबर. आणि एकटीचंच काम मी फाडलं होतं.

घड्याळ लावून

सुट्टीत मी एक उद्योग केला. पालकांच्या ग्रुपवर टाकायला काढलेले त्या दिवसाचे व्हिडिओ मोबाईलमध्ये होते. ते पुन्हा पाहिले, या खेपेला घड्याळ समोर ठेवून. कृतीची वेळ ४० मिनिटं. त्यात एकेका मुलाचे हात खरोखर चालले ते सहा-सात मिनिटं. उरलेला वेळ रांगेत उभं राहणं, अंगठा पुसून घेणं, "थांब, तुझा नंबर आला नाही." कापणं मावशींचं, चिकटवणं माझं, कुठे ठसा मारायचा तेही आधीच आखलेलं. हस्तकला आम्हा दोघींची झाली होती, अंगठे तेवढे मुलांचे.

ठसेकामात वाईट काही नाही, जांभळ्या द्राक्षातही नाही. शरद, जंबो या काळ्या जाती आमच्याकडे होतातच. चूक होती ती ऋतू म्हणून कागदावर आणलेल्या गोष्टीची दाराबाहेरच्या ऋतूशी गाठच न पडण्यात. यात नवीन मी काही शोधलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७मध्ये ते कोसबाडला नेलं. तिथे त्यांनी दगड, पानं, बिया, शिंपले अशी आसपासची वस्तूच शिकण्याचं साधन केली. आता २०२०चं शैक्षणिक धोरणही तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून आणि हाताने शिकण्याचा म्हणतं. प्रशिक्षणात हे आम्ही सगळ्याच ऐकतो, टिपून घेतो आणि परत येऊन नमुना डाउनलोड करतो, कारण सोमवारी सकाळी २२ मुलं समोर असतात आणि नमुना तयार असतो.

जानेवारी

शाळा उघडली त्या दिवशी मी चिऊपाशी खाली बसले आणि म्हटलं, "तू घडाला पेपर लावला होतास. मला कळलं नाही आणि मी फाडला. चुकलं माझं." साडेचार वर्षांच्या मुलीला एवढं बोलायला मला जरा धीर एकवटावा लागला. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तुला येतं का लावायला?"

"नाही."

"पप्पाला येतं."

पप्पाला बोलावलं. बाग ऐन भरात असताना शेतकऱ्याला वेळ मागणं म्हणजे लग्नघरात उसनी पातेली मागणं, पण ते आले. सोबत ऑक्टोबर छाटणीच्या वाळलेल्या काड्यांची मोळी. त्या सरपणाला ठेवल्या होत्या. बागेत फवारण्या चालतात म्हणून काड्या आम्ही वापरण्याआधी धुऊन, घासून दोन दिवस उन्हात टाकल्या, आणि ताजी पानं आणायचीच नाहीत असं ठरवलं. तीन-चार वर्षांचं पोर हातातली वस्तू तोंडात घालणार हे धरूनच चालावं लागतं.

ते सतरंजीवर मांडी घालून बसले आणि एक हिरवा घड मध्ये ठेवला. इमारतीतल्या एका मुलाने विचारलं, "काका, ग्रेप्सना थंडी वाजते?"

"वाजते ना. मग स्वेटर नको त्याला?"

"पेपरचा स्वेटर?"

"आता लोकरीचा घालायचा म्हटलं तर मलाच स्वेटर राहणार नाही."

मग त्यांनी सावकाश दाखवलं. कागद घडाच्या मागून घ्यायचा, दोन्ही कडा पुढे आणायच्या, वर देठाशी चिमटायच्या. घड दाबायचा नाही. चिऊ शेजारी उभी राहून मान डोलवत होती, परीक्षकासारखी.

पुढचे आठ-दहा दिवस वर्गात द्राक्षबाग चालली. व्हरांड्याच्या दोन खांबांना सुतळ्या ताणून मांडव केला. मणी म्हणून रद्दीच्या गोळ्या. वर्तमानपत्राचा चौकोन एका हाताने चुरगाळून मुठीत गोळी करायची. हे दिसतं सोपं, पण तीन-चार वर्षांच्या बोटांना घाम फोडतं. पहिल्या दिवशी बहुतेक जण दोन्ही हात आणि पोट वापरत होते. आठवड्याच्या शेवटी अर्धी मुलं एका हाताने करायला लागली. गोळ्या हिरव्या रंगवल्या, काहींनी काळ्या केल्या, एकाने निळ्या. "ही कोणती जात?" मी विचारलं. "मोठी जात," तो म्हणाला.

गोळ्या काडीला चिकटवायला फेव्हिकॉल पुरेना, म्हणून खळ शिजवली. एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, चार वाट्या पाणी, मंद आच, ढवळत राहायचं. पांढरटपणा जाऊन चकाकी आली की उतरवायची. जुनी माणसं खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकत. मुलांच्या वर्गात ते अजिबात नको, ते विष आहे. नुसती खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा रोजची रोज करावी. मावशींनी तिसऱ्या दिवशी कालचीच खळ काढली आणि वर्गाला इडलीच्या पिठाचा वास सुटला. मुलांना आवडला.

फसलेला भाग गाठीचा. घड सुतळीने मांडवाला बांधायचे असा माझा बेत होता. चार वर्षांच्या मुलाला गाठ येत नाही हे मला ११ वर्षांच्या नोकरीनंतरही आठवलं नाही. सकाळभर आम्ही दोघी गाठी मारत फिरलो, म्हणजे पुन्हा जांभळ्या घडाचीच गोष्ट. दुसऱ्या दिवशी कपड्यांचे लाकडी चिमटे आणले. चिमटा उघडायला अंगठा आणि पुढची बोटं लागतात, उद्या पेन्सिल धरायला हीच लागणार. मुलं घड लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती, आणि आम्हाला करायला काही उरलं नाही.

पेपर लावायचं काम चिऊचं. तिच्यापुढे रांग असायची. "दाबू नको, मणी फुटंल." "वरून चिमट." ही तीच मुलगी, जिची चार शब्दांची वाक्यं मी डायरीत मोजून लिहायचे. घड, मणी, देठ, काडी, मांडव हे शब्द तिच्याकडून वर्गात आले. त्याआधी अर्धा वर्ग "ग्रेप्सचा बंच" म्हणत होता, आणि खरं सांगायचं तर मीही मण्याला "एक द्राक्ष" म्हणायचे.

भिंत

मांडव तयार झाला त्या संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर एक संदेश आला. गेल्या वर्षी किती सुंदर डिस्प्ले होता, या वर्षी रद्दी टांगून ठेवली आहे, फोटोत मुलाचं नावही दिसत नाही. खाली तीन अंगठे.

राग आला, पण त्या आईचं म्हणणं अगदी टाकाऊ नव्हतं. गेली सहा वर्षं भिंत सजवून मीच त्यांना ती सवय लावली होती. शिवाय कागदात गुंडाळलेल्या गोळ्यांच्या घडावरून बाहेरच्या माणसाला काही कळत नाही. मलाच कुठे कळलं होतं? म्हणून प्रत्येक घडाखाली एक चिठ्ठी लावली: मुलाचं नाव आणि घड करताना ते जे बोललं ते, जसंच्या तसं. "माझ्या घडाला सर्दी झाली." "हा आजीसाठी, बिया नाहीत." "मी ७ मणी केले मग कंटाळा आला." पालक व्हरांड्यात थांबून वाचायला लागले. तक्रार केलेल्या आईने मात्र चिठ्ठी वाचून विचारलं, "पण यात माझ्या मुलाने शिकलं काय?" मी चिमट्याचं, मोजण्याचं, शब्दांचं सांगितलं. त्यांचं समाधान झालं असं वाटत नाही. मुलगा पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत गेला. कारण हेच होतं की घर बदललं, ठाऊक नाही. खेद वाटला खरा.

फेब्रुवारीत चिऊच्या घरून खरी द्राक्षं आली. वर्गात द्राक्ष देताना मणी उभा चिरून चार फोडी करून द्यायचा, अख्खा कधीच नाही. गोल, गुळगुळीत, बरोबर श्वासनलिकेच्या मापाचा असल्याने पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात तो बुचासारखा बसू शकतो. मिठाच्या पाण्यात ठेवून धुणं आलंच. मुलांना प्लास्टिकच्या सुरीने मऊ मणी कापायला दिले. चार फोडी मोजत मोजत खाण्यात एक तास गेला, आणि अंकांचा तो वर्षातला सगळ्यात चांगला तास होता.

उरलेल्यांचे बेदाणे करायचे असं मुलांनीच ठरवलं. गच्चीवर पातळ फडक्याखाली किलोभर मणी पसरले. कारखान्याचा बेदाणा वाळवण्याआधी मालाला पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. त्याने मण्यावरचा मेणचट थर सुटतो आणि पाणी लवकर उडतं. आम्ही अर्थातच तसं काही केलं नाही. आठव्या दिवशी मणी तपकिरी, चिकट आणि मुंग्यांनी भरलेले. खायचं काही उरलं नाही. पण रोज वर जाऊन "आज किती सुरकुत्या" बघणं चालू होतं, आणि वजनकाट्यावर किलोचं पाव किलोकडे घसरत जाणं मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा होतो हे चिऊच्या बापाने सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "मग तीन किलो कोणी खाल्लं?" "मुंग्यांनी," दुसऱ्याने लगेच सांगितलं. उन्हाने खाल्लं हे पटवायला ओला रुमाल दोरीवर टाकून दाखवावा लागला.

त्या वर्षी बाकीचं नियोजनही हललं, पण सगळं नाही. रंगपंचमीला (नाशिकमध्ये रंग धुळवडीला नाही, पंचमीला खेळतात, आणि जुन्या गावात रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, उड्या मारतात) पळसाची फुलं उकळून केशरी पाणी केलं. पोळ्याला मातीचे बैल केले, त्यातल्या एकाला पाच पाय होते, आणि पाचवा काढून टाकायला माझे हात शिवशिवत होते, पण मी ते मांडीखाली दाबून बसले. नाताळचा हिममानव मात्र अजून आहे. मुख्याध्यापिकाबाईंना आवडतो. तेवढी तडजोड मी करते.

पुढच्या डिसेंबरात नवा लहान गट होता. मी पहिल्या आठवड्यातच सुतळ्या ताणल्या, रद्दी गोळा केली, चिमटे काढले. चिऊ आता शेजारच्या खोलीत, मोठ्या गटात. मधल्या सुट्टीत डबा हातात घेऊन दारात आली, मांडवाकडे बघत उभी राहिली.

"ताई, एवढ्यात पेपर कशाला लावता?"

"का गं?"

"अजून पाणी नाय उतरलं मण्यात," ती म्हणाली, आणि डबा खायला निघून गेली.

मी चिमटे पुन्हा डब्यात भरून ठेवले.